घरच्या शेतीचा दिवस कसा बसवायचा: खान्देशात नव्याने वावर सांभाळणाऱ्यांसाठी

सुरत, पुणे किंवा नाशिकची नोकरी सोडून गावी परतलेली मुलं, लग्नानंतर शेतकरी घरात आलेल्या मुली, वडील थकल्यामुळे अचानक सगळा कारभार अंगावर आलेली माणसं, अशांसाठी हे लिहिलं आहे. डोळ्यांसमोर घर असं धरलं आहे: पाच-सहा एकर काळी जमीन, एक विहीर, 5 एचपीची मोटर, दोन म्हशी, एक गाय. खरिपात कापूस आणि मका, रब्बीत दादर (इथली रब्बी ज्वारी) किंवा हरभरा, पाणी पुरलं तर एकरभर केळी.

नवा माणूस सहसा पिकापासून सुरुवात करतो. आमचं सांगणं उलट आहे. निंदणी एक दिवस पुढे गेली तर बहुतेक वेळा निभावतं. धार पुढे ढकलता येत नाही आणि आलेली लाइट साठवून ठेवता येत नाही. म्हणून आधी धारेच्या दोन वेळा आणि लाइटची पाळी कागदावर मांडा. वावरातलं काम, बाजार, बँक, लग्नकार्य हे सगळं उरलेल्या वेळेत बसवायचं.

पहाटे पाच: हात लावण्याआधी बघा

गोठ्यात गेल्या गेल्या चारा टाकू नका. दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. निरोगी जनावर बसून रवंथ करत असतं, एकेक घास 40 ते 60 वेळा चघळतं. नाकपुड्यांच्या मधली जागा दवासारखी ओलसर असते. कान हलते असतात. शेण फार घट्ट नाही, फार पातळ नाही, जमिनीवर पडल्यावर चकतीसारखं बसतं. शेणात अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड झालाय किंवा खुराक (ढेप, भरडा असा जोड आहार) जास्त होतोय. शेण पाण्यासारखं असेल तर काल काय बदललं ते आठवा: नवा हिरवा चारा, बुरशी लागलेली ढेप, हौदातलं शेवाळलेलं पाणी.

रात्रीचा चारा गव्हाणीत तसाच पडला असेल तर ताप बघा. साधा थर्मामीटर शेपटीखाली, गुदद्वारात कडेला टेकवून दोन मिनिटं धरायचा. 101 ते 102 फॅरनहाइटच्या आसपास ठीक. 103 च्या वर गेलं तर दुपारपर्यंत वाट बघू नका, डॉक्टरांना सकाळीच फोन करा. चारा टाकून मग बघितलं तर आजारी जनावरही चार घास खाऊन तुम्हाला फसवतं, म्हणून बघणं आधी.

धार

पहाटे साडेपाचला धार काढली तर संध्याकाळी साडेपाचलाच काढायची. मध्ये बारा तासांचं अंतर राहिलं की कास नीट भरते, दुखत नाही, आणि दूध टिकून राहतं. आज पाच, उद्या सात असं केलं तर आठवड्याभरात दूध उतरतं. मग लोक ढेपेला दोष देतात.

क्रम असा ठेवा:

1. धारेआधी शेण उचला, पण झाडू मारू नका. उडालेली धूळ थेट दुधात जाते. झाडणं धारेनंतर.
2. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. कास आणि सड कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक जनावराचं फडकं वेगळं. ओल्या सडावरून घाण पाणी ओघळून भांड्यात पडतं.
3. पारडू लावा किंवा हाताने कास चोळा. गाय लवकर पान्हा सोडते, म्हशीला काही मिनिटं जास्त लागतात. इथे घाई करायची नाही.
4. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या वाटीत काढा. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताचा धागा दिसला तर ते दूध वेगळं. ती कासदाहाची (कास सुजण्याची, म्हणजे दगडीची) पहिली खूण आहे, त्या जनावराची धार सगळ्यात शेवटी काढायची.
5. पूर्ण मुठीने धार काढा. अंगठा दुमडून सड दाबायची सवय असेल तर ती मोडा. त्याने सडाच्या आत गाठी होतात.
6. पान्हा सुटल्यावर पाच ते सात मिनिटांत धार संपवा.
7. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच खुराक टाका.

पाच ते सात मिनिटांचं कारण असं, की पान्हा ज्या संप्रेरकामुळे सुटतो त्याचा जोर थोडाच वेळ टिकतो. मध्येच फोन आला, कुत्रं भुंकलं, अनोळखी माणूस समोर आला, की जनावर दूध चोरतं, म्हणजे कासेतच धरून ठेवतं. म्हणून धारेला माणूस शक्यतो तोच, जागा तीच. नवीन असाल तर पहिले काही दिवस घरातल्या जाणत्या बाईशेजारी नुसते बसा, जनावराला तुमच्या अंगाचा वास ओळखीचा होऊ द्या.

शेवटच्या धारेचंही तसंच. सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटी उरतं ते सगळ्यात स्निग्ध. अर्धवट धार काढून उठलात तर डेअरीवर फॅट कमी लागते, आणि कासेत राहिलेलं दूध दगडीला निमंत्रण देतं. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून सांगतात, गाईच्या दुधाचा 3.5 आणि 8.5 वर. फॅट घसरली तर आधी धार पूर्ण होतेय का बघा, मग कुट्टी (मशीनवर कापलेला चारा) फार बारीक झालीय का, कोरडा चारा कमी पडतोय का ते बघा. एसएनएफ घसरला तर बहुतेक वेळा पोटाला एकूण कमी पडतंय.

धारेनंतर लगेच खुराक का, तर सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं. तेवढा वेळ जनावर उभं राहायला हवं. शेणामुतात बसलं की जंतू आत जातात. कासदाहाच्या ट्यूब चढवल्या असतील तर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका.

दूध स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळून स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या किटलीत. सकाळच्या दुधात रात्रीचं मिसळायचं नाही, एक नासलं की दोन्ही जातात.

खुराक, चारा, पाणी

मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलो हिरवा आणि 5 ते 6 किलो कोरडा चारा लागतो. खुराकाचा हिशोब सोपा आहे: शरीर राखायला दीड किलो, वर म्हशीला दर लिटरमागे अर्धा किलो, गाईला 400 ग्रॅम. आठ लिटर देणाऱ्या म्हशीला म्हणजे दीड अधिक चार, साडेपाच किलो, दोन वेळांत वाटून. त्यात 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ. अंदाजाने घमेलं भरू नका. एकदा काट्यावर तोलून घमेल्याला आतून खूण करून ठेवा.

आपल्याकडे दादरचा कडबा चांगला मिळतो, जनावरं आवडीने खातात. पण अख्ख्या पेंढ्या टाकल्या तर शेंडा खाऊन बुडखा सोडतात. कुट्टी एक ते दीड इंचाची करा. कुट्टी मशीनवर पदर, उपरणं, ओढणी, सैल बाही काहीही चालत नाही. चारा अडकला तर आधी बटण बंद, चाक थांबल्याची खात्री, मग हात. हरभऱ्याचं कुटार, मक्याची कुट्टी, केळीचे चिरलेले खांब हे सगळं चालतं, मात्र केळीच्या खांबात पाणीच जास्त, म्हणून कडब्यात मिसळूनच द्या.

सरकी ढेप विकत घेताना पोतं फोडून मधला तुकडा बघा. हिरवट-काळी बुरशी, कुबट वास असेल तर परत करा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका. लहान पारडांना सरकी किंवा तिची ढेप देऊ नका, तिच्यातला विषारी घटक त्यांना पचत नाही. चारा किंवा ढेप बदलायची असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

तीन गोष्टींनी जनावर काही तासांत दगावू शकतं, त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. पहिली, कोवळी ज्वारी. फुलोऱ्याआधीची, विशेषतः पावसाने ताण दिलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे खाल्ले की किराळ (ज्वारीतल्या विषाची बाधा) लागते. श्वास जोरात चालतो, जनावर थरथरतं, कोसळतं. डॉक्टरांकडे त्यावर इंजेक्शन असतं, पण वेळ मिनिटांत मोजायचा असतो. वाळलेल्या कडब्याला हा धोका नाही. दुसरी, सुटलेल्या जनावराने खळ्यात मक्याची, गव्हाची रास खाणं. पोटात आम्ल होतं, लक्षणं दिसायला अर्धा दिवस जातो. म्हणून खाल्लं हे कळताच डॉक्टरांना बोलवा. तिसरी, युरियाचं फुटलेलं पोतं किंवा युरिया कालवलेल्या टाकीतलं पाणी. खताची खोली गोठ्याजवळ नको, आणि तिला कडी हवीच.

पाणी जनावरामागे दिवसाला 60 ते 80 लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. हौद दर पंधरा दिवसांनी रिकामा करून, घासून, आतून चुना लावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा म्हशीचे हाल होतात. कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा. गोठ्याच्या पश्चिमेला ओलं पोतं किंवा हिरवी जाळी टांगा.

शेण आणि उकिरडा

एक मोठं जनावर दिवसाला 10 ते 15 किलो शेण टाकतं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणून तीनच जनावरं असतील तर लहान टाकी बघा.

उकिरडा सावलीत, तीन फुटांपेक्षा खोल नको. शेण, गोठ्यातला उरलेला चारा, राख आणि मुताने भिजलेली माती असे थर द्या. ओलावा टिकवा, दीड-दोन महिन्यांनी एकदा वरखाली करा. चार-पाच महिन्यांनी हाताला लागतं ते खत भुसभुशीत, वास नसलेलं. अर्धकच्चं शेणखत वावरात टाकणं ही नव्यांची ठरलेली चूक. त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते, वाळवी येते, आणि निंदणीचा खर्च वाढवणारं तणाचं बी सोबत जातं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्याने करून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात करावं लागतं.

लाइट, मोटर आणि पाणी

शेतीची थ्री-फेज लाइट बहुतेक गावांत पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाळीचा तक्ता गोठ्याच्या भिंतीवर चिकटवा.

मोटर चालू करण्याआधी पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे. स्टार्टरच्या पेटीला हात लावण्याआधी टेस्टर लावून पेटीत करंट उतरलेला नाही ना हे बघा. मग तिन्ही फेज आहेत का ते व्होल्टमीटरवर बघा. एक फेज गेलेला असताना मोटर चालवली तर ती घरघरते, तापते आणि वाइंडिंग जळतं. सिंगल फेजिंगपासून वाचवणारा रिले बसवून घ्या. तो रिवाइंडिंगच्या एका खेपेपेक्षा स्वस्त पडतो. फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून काम चालवू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी बिघाड आहे.

अँपिअरमीटर वाचायला शिका, तो खूप काही सांगतो. 5 एचपीची मोटर पूर्ण भारावर साधारण 7.5 ते 9 अँपिअर घेते. आकडा नेहमीपेक्षा अचानक खाली आला तर विहिरीचं पाणी खाली गेलंय, मोटर कोरडी फिरतेय, लगेच बंद करा. वर गेला तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंपात काहीतरी अडकलंय. मोनोब्लॉक मोटर रोज पाणी सोडत असेल, पुन्हा पुन्हा भरावी लागत असेल, तर फूट व्हॉल्व्हचा (पाण्यातल्या पाइपच्या टोकाच्या झडपेचा) पडदा झिजलाय किंवा त्यात काडी बसलीय. लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच सोयीचा आहे. पण लाइन दुरुस्त करताना, पाइप खोलताना, कुणी विहिरीत उतरताना तो आणि मेन स्विच दोन्ही बंद हवेत. लाइट नाही म्हणून मोटरला हात लावणं आणि त्याच क्षणी लाइट येणं, यात माणसं गेली आहेत.

आता पाण्याचा हिशोब. मोटर किती पाणी देते हे पाइपच्या जाडीवरून सांगू नका, मोजा. 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला पाच लिटर, तासाला 18,000 लिटर. केळी पाच बाय पाच फुटांवर असेल तर एकरात 1,740 च्या आसपास झाडं. प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर म्हणजे एकराला तासाला सुमारे 14,000 लिटर लागतात. म्हणजे ही मोटर एका वेळी एकच एकर नीट चालवेल. भर उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला दिवसाला 20 लिटर पाणी लागतं, त्यासाठी अडीच तास हवेत. आठ तासांच्या पाळीत तीन एकर, तेही विहिरीला पाणी असेल तर. हा हिशोब लागवडीआधी करा. एप्रिलमध्ये विहीर किती तास चालते ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तेवढीच केळी लावा. खान्देशात बाग वाळते ती बहुतेक याच चुकीने.

ठिबकची निगा रोजची आहे. मोटर सुरू झाल्यावर आधी सँड फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग जाळीचा फिल्टर काढून ब्रशने. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये दाबाचा अर्धा किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर तुंबलाय. आठवड्याला नळ्यांची शेवटची टोकं उघडून गढूळ पाणी जाऊ द्या, एका वेळी पाच-सहा नळ्यांचीच, नाहीतर दाब उतरतो. नळीवर पांढरा थर येत असेल तर पाण्यात क्षार आहेत, आम्लप्रक्रिया करावी लागेल. ती पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखाली करा आणि नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही.

मका, गहू यांना मोकळं पाणी भरत असाल तर काळ्या जमिनीला भेगा पडायच्या आत भरा. भेगा पडल्यावर पहिलं अर्धं पाणी खालीच जातं, मुळं तुटतात ती वेगळी.

रात्रीच्या पाळीला एकट्याने जाऊ नका. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी, डोक्याला लावायची बॅटरी. काठी पुढे आपटत चाला. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि पाणी भरलं की उंदरांमागे बाहेर येतात. सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे बिबट्याही येतो, तिथे वाकून काम करताना दुसऱ्या माणसाने उभं राहून आवाज करत राहावं. साप चावला तर चिरा नको, दोरी बांधणं नको, मांत्रिक नको. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. सापाला शोधण्यात वेळ घालवू नका.

वावरात कधी शिरायचं

उन्हाळ्यात कामाची वेळ सकाळी धार उरकल्यावर दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. पावसाळ्यात वेळ ठरवतो तो वाफसा, म्हणजे मातीत कामाजोगी ओल. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून मोकळा झाला तर कोळपं (तण काढायचं औत) घाला. चपटा होऊन चिकटला तर घरी परता. ओल्या काळ्या जमिनीत औत किंवा ट्रॅक्टर घातला की ढेकळं होतात, ती पुढचे दोन महिने छळतात.

कोरडवाहू पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय करू नका. शेजाऱ्याने केली म्हणून तर मुळीच नको. कापूस चार बाय एक फुटावर टोबला (हाताने बी रोवलं) तर एकरात 10,890 जागा होतात. आठ-दहा दिवसांत नांगे (बी न उगवलेल्या जागा) भरायचे. त्यासाठी पेरणीच्याच दिवशी पन्नासेक पिशव्यांत रोपं लावून ठेवा, कारण नुसतं बी टोबून नांगा भरला तर ते झाड मागेच राहतं. पहिली कोळपणी तीन आठवड्यांच्या आत. तण चार पानांचं असताना कोळप्याने जातं, वीतभर झालं की बायका लावून निंदावं लागतं.

गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ झाली. फुलं बघत फिरताना डोमकळ्या दिसल्या, म्हणजे पाकळ्या मिटून गुलाबासारख्या झालेली फुलं, तर तोडून नष्ट करा. फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका. डिसेंबरच्या पुढे उभा ठेवलेला कापूस पुढच्या वर्षाची अळी पोसतो. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून बांधावर रचून ठेवणंही तितकंच वाईट.

वेचणीला दव उठल्यावर, नऊच्या पुढे सुरुवात करा. पूर्ण उमललेली बोंडंच, पाला-पाचोळा न चिकटू देता. किडकी कवडी वेगळ्या झोळीत. झोळी सुती कापडाची. प्लास्टिकच्या गोणीचा धागा कापसात गेला की प्रतवारी पडते. घरात भरण्याआधी एक दिवस उन्हात पसरा. सरकारी खरेदीत 8 ते 12 टक्के ओलावा चालतो, त्यापुढे कापूस घेत नाहीत. वजन वाढावं म्हणून पाणी मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतून सरकी तापते आणि रुई पिवळी पडते. भाव वाढेल म्हणून कापूस महिनोन्‌महिने झोपायच्या खोलीत ठेवला की घरात सगळ्यांना खाज सुटते. तो वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्या खोलीजवळ विडी नको, चूल नको.

केळीला दोन कामं कायमची. बाजूची पिलं दर पंधरा-वीस दिवसांनी जमिनीलगत विळ्याने कापायची, आणि पश्चिम-दक्षिणेला शेवरीची दाट ओळ ठेवायची. मेमधली गरम हवा पानं फाडते, घड काळे पाडते. बागेत काकडी, भोपळा, दुधी लावू नका. त्यांच्यावरचा मावा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू केळीवर आणतो. पानांवर पिवळे पट्टे आलेलं झाड मुळासकट उपटून बागेबाहेर न्या.

फवारणी

डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तीन-चार औषधं एकत्र कालवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले, हे विसरण्यासारखं नाही. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पाठीवर घेऊन. पूर्ण बाह्या, मोजे, चष्मा, तोंडाला मास्क. कापूस डोक्याइतका वाढला असेल तर फवारा तोंडावरच येतो, अशा वावरात गरज दोनदा तपासा. मध्ये तंबाखू नको, पाणीही हात-तोंड धुतल्यावरच. गरगरलं, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, की औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना. त्या वावराच्या बांधावरचं गवत लेबलवरच्या मुदतीपर्यंत गुरांना कापू नका. रिकाम्या बाटल्या भोकं पाडून निकामी करा. त्यात दूध किंवा तेल ठेवायचं नाही.

माणसं

निंदणीच्या, वेचणीच्या बायकांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, किती बायका आणि कुठलं वावर ते ठरवा, प्यायच्या पाण्याची सोय तुमची. मजुरी त्याच दिवशी किंवा ठरलेल्या बाजाराच्या दिवशी, उशीर न करता. सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. पैसे, धान्य, सुट्ट्या, आजारपण सगळं त्याच दिवशी दोन माणसांसमोर बोलून घ्या आणि लिहा. दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा खाऊन तासभर आडवं व्हा. पहाटे पाचला उठणाऱ्याला ती झोप लागतेच. न झोपता रात्रीच्या पाळीला गेलेला माणूस मोटरजवळ चुका करतो.

संध्याकाळची धार, माज आणि वही

संध्याकाळी सकाळचाच क्रम. त्यानंतरची एक फेरी मात्र महत्त्वाची: रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन गोठ्यात जा. म्हशीचा माज (गाभण राहण्याची वेळ) मुका असतो, तो बऱ्याचदा रात्रीच दिसतो, आणि उन्हाळ्यात तर आणखी अस्पष्ट. दूध अचानक कमी होणं, वारंवार थोडं थोडं मुतणं, शेपटी उचलून धरणं, योनीतून काचेसारखा चिकट स्राव, एवढ्यावरून ओळखावं लागतं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज 21 दिवसांनी पुन्हा येतो का बघा. एक माज चुकला म्हणजे तीन आठवड्यांचा चारा फुकट.

गाय साधारण 280 दिवसांनी विते, म्हैस 310 दिवसांनी. 15 जानेवारीला भरवलेली म्हैस 21 नोव्हेंबरच्या आसपास विणार, म्हणून 22 सप्टेंबरला तिला आटवायचं (धार बंद करायची). साठ दिवसांची विश्रांती दिली नाही तर पुढच्या वेताचं दूध कमी येतं. व्याल्यावर पारडाला तासाभरात चीक (पहिलं घट्ट दूध) पाजा. वार (जार) पडायची वाट बघत थांबू नका. दिवसाला वजनाच्या एक दशांश, म्हणजे 30 किलोच्या वगारीला तीन लिटर, दोन-तीन वेळांत. नाळेला आयोडीन. दहा ते पंधरा दिवसांनी जंताचं औषध. म्हशीची पारडं गोलजंतांनीच जास्त दगावतात.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, लम्पीची डॉक्टर सांगतील तेव्हा. पोळ्याला बैल रंगवण्याच्या गडबडीत लाळ्या-खुरकुताची लस राहून जाते. ती आधीच उरकून घ्या.

हे सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून एक वही. प्रत्येक जनावराला एक पान: दूध, माज, भरवल्याची तारीख, लस. प्रत्येक वावराला एक पान: पेरणीची तारीख, खत, फवारणीच्या औषधाचं नाव आणि मात्रा, पाण्याचे तास, मजुरी. माती परीक्षणाचा अहवाल त्याच वहीत चिकटवा. पालच्या, ममुराबादच्या किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर ही वही सोबत न्या, सल्ला नेमका मिळतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत गावच्या लाइनमनचा, पशुवैद्यकाचा आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याचा नंबर, त्याखाली जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 आणि माणसांच्या रुग्णवाहिकेसाठी 108. लहान मुलांनाही ते पान कुठे आहे ते दाखवून ठेवा.